तळव्यातली दोन बोटं

हॉस्पिटलच्या तिसऱ्या मजल्यावर ज्यांना सगळे ‘मामा’ म्हणत, त्यांचं खरं नाव हजेरीच्या यंत्राखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं. आणि ते यंत्रसुद्धा महिन्यातून दोनदा तरी त्यांचा अंगठा ओळखायला नकार द्यायचं. एकतीस वर्षं साबणाच्या पाण्यात हात घालून अंगठ्यावरच्या रेषाच पुसट झाल्या होत्या, त्याला ते बिचारं काय करणार. वॉर्डातलं जे काम कुणाच्याच कामात मोडत नाही, ते मामांच्या कामात मोडायचं. पेशंटला कुशीवर वळवायचं, चादर बदलायची, बेडपॅन द्यायचं, स्ट्रेचर ढकलत एक्सरेला न्यायचं, परत आणायचं, परत कुशीवर वळवायचं. आणि शेवटी ज्याची वेळ भरली त्याच्या हनुवटीखाली पट्टी बांधून वर पांढरी चादर घालायची. ही चादर मामांसारखी कुणाला घालता येत नाही, असं सिस्टर लोक म्हणत. असल्या गोष्टीचं कौतुक झालं तर माणसानं काय करायचं असतं? मामा ‘हं’ म्हणायचे आणि ट्रॉली पुढे ढकलायचे.

पण मामांचं आणखी एक काम होतं, आणि ते ड्यूटीच्या कागदावर नव्हतं. त्यासाठी त्यांना कुणी बोलावलेलंही नव्हतं, हेही सांगितलं पाहिजे.

मामा ज्या ख्रिस्ती मंडळीत जायचे, ती टायरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये भरायची. तिथे ते मामा नव्हते, ‘ब्रदर’ होते. प्लास्टिकच्या साठ खुर्च्या, एक माइक, भिंतीवर साधा लाकडी क्रूस, आणि खालून सतत येणारा रबराचा वास. शिकवण सरळ होती. माणसानं श्वास संपायच्या आत प्रभूला स्वीकारलं तर तारण, नाहीतर नरक. श्वास संपला की दार बंद, मग आतून हाका मारा नाहीतर बाहेरून. आता ज्याला बोलताच येत नाही, त्याचं काय? ह्यावर पास्टरांनी एका शनिवारी वर्ग घेतला होता. पेशंटच्या उजव्या तळव्यात आपली दोन बोटं ठेवायची. कानाशी तोंड न्यायचं. सावकाश तीन वाक्यं म्हणायची: मी पापी आहे, प्रभू येशू माझ्यासाठी मेला, मी त्याला स्वीकारतो. मग म्हणायचं, कबूल असेल तर बोटं दाब. दाबली की झालं. मंडळीतल्या माणसालाही शेवटच्या घटकेला हे पुन्हा म्हणावं लागायचं. उजवाच तळवा का, असं कुणीतरी विचारलं, तर पास्टर म्हणाले, “शपथ कुठल्या हातानं घेतात?” सगळ्यांनी माना हलवल्या आणि तेव्हापासून तो नियमच होऊन बसला.

एकोणीस वर्षं मामांनी हे काम इमानेइतबारे केलं. ड्यूटीच्या तासभर आधी यायचे, तासभर उशिरा जायचे, सुट्टीच्या दिवशीही एखादा पेशंट जायच्या बेतात असला तर येऊन बसायचे. चारशेच्या वर माणसांनी त्यांची बोटं दाबली. मामा मोजत नव्हते, मोजायचे ते पास्टर. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी माइकवरून विचारायचे, “ब्रदर, ह्या महिन्यात किती?” मामा उठून बोटं दाखवायचे. दोन. कधी तीन. हॉलभर हालेलूया व्हायचं. ज्यांनी दाबली नाहीत त्यांच्याबद्दल कुणी विचारत नसे.

मामांना मिरवायचं नव्हतं, एवढं खरं. त्यांना ते बघवायचंच नाही. माणूस डोळ्यांदेखत खड्ड्यात चालला आहे आणि आपण शेजारी उभे राहून उशांचे अभ्रे बदलतोय, हे त्यांच्या घशाखाली उतरत नसे. घरी जेवताना मध्येच थांबायचे, सहा नंबरचा आजचा दिवस काढेल का, म्हणून. बायको म्हणायची, “सगळ्या जगाचा मक्ता काय तुम्हालाच दिलाय?” ती स्वतः हॉलमध्ये जाणं कधीच सोडून बसली होती. कुणी विचारलं तर म्हणायची, “मला गुडघे आहेत.” जणू बाकीच्यांना नव्हते.

मामांना एक थोरला भाऊ होता. वायरमन. शिट्टी वाजवत जिने चढणारा, दहाला येतो म्हणून एकला उगवणारा, आणि आल्यावर असं काही बोलणारा की ओरडायचं तोंडातच राहायचं. दोघे भाऊ लहानपणी जेवायला शेजारी बसत, पण त्यांची कोपरं सारखी एकमेकांना लागायची आणि आमटी टेबलावर सांडायची. शेवटी आईनं वैतागून थोरल्याची खुर्ची टेबलाच्या टोकाला नेऊन ठेवली. ती कायम तिथेच राहिली.

थोरलाही आधी हॉलमध्ये यायचा. एकदा माइकची वायर बघायला म्हणून तो प्रवचन चालू असताना शिडीवर चढला होता, आणि वरून त्यानं ऐकलं की ज्यांनी स्वीकारलं नाही, ते कितीही भले असोत, सगळे अग्नीत. ज्या मास्तरांनी त्याला वायरचं काम शिकवलं होतं, ते नुकतेच गेले होते, आणि त्यांनी जन्मात कधी प्रार्थना केली नव्हती. थोरला खाली उतरला, पक्कड खिशात घातली, आणि मामांना म्हणाला, “ज्याला माझा मास्तर चालत नाही, त्याच्या घरी मी वायरिंग करणार नाही.” त्यानंतर तो हॉलमध्ये आला तो फक्त फ्यूज गेला तेव्हा.

अकरा वर्षांपूर्वी थोरल्याला झटका आला. मामांच्याच वॉर्डात आणलं. उजवी बाजू गेलेली, वाचा गेलेली. तिसऱ्या दिवशी दुपारी, भेटायला येणाऱ्यांची वेळ चालू असताना, डॉक्टरांनी मान हलवली. मामांनी पडदा ओढला. उजव्या तळव्यात दोन बोटं ठेवली आणि तीन वाक्यं म्हटली. काही नाही. पुन्हा म्हटली. थोरला अस्वस्थ होता, मामांच्या शर्टाशी सारखा चाळा करत होता. मामांनी तो हात बाजूला केला आणि तिसऱ्यांदा विचारलं. मग चौथ्यांदा, एवढ्या मोठ्यानं की पडद्यापलीकडून सिस्टर धावत आल्या. उजवा हात होता तसाच राहिला, आणि थोडा वेळ गेल्यावर बाकीचा थोरलाही तसाच राहिला. भावाची चादर मामांनी स्वतः घातली. तेव्हा लक्षात आलं की आपल्या शर्टाचं एक बटण कुठेतरी पडलंय.

पास्टरांना त्यांनी विचारलं होतं. म्हणाले, “पास्टर, त्याची उजवी बाजू गेलेलीच होती.” पास्टर माणूस वाईट नव्हते, त्यांचेही डोळे भरले होते. पण उत्तर त्यांच्याकडे एकच होतं. “ब्रदर, प्रभू मेलेल्याला उठवतो. मन तयार असतं तर त्यानं एक हात हलवला नसता का?” मामांनी ते ऐकून घेतलं. दुसरं काय करणार, एकोणीसातली आठ वर्षं तोवर झाली होती.

घरी आईनं विचारलं, “त्यानं दाबला का रे हात?”

खोटं बोलायचं मामांच्या अंगातच नव्हतं. “नाही, आई,” ते म्हणाले.

त्या दिवसापासून आईनं दोनच गोष्टी केल्या. थोरल्याची खुर्ची कुणाला हलवू दिली नाही, बसूही दिलं नाही. आणि हॉलमध्ये जायची, बसायची, पण गाणी सुरू झाली की तोंड मिटून समोर बघत राहायची. एके काळी तिचा आवाज जिन्यापर्यंत यायचा. अकरा वर्षं मामा तिच्या शेजारी बसून ते मिटलेलं तोंड बघत आले होते, आणि दर महिन्याला उठून बोटं दाखवत आले होते.

आता मामा सत्तावन्न वर्षांचे झाले होते. टाचा दुखायच्या, कंबर दुखायची, आणि ज्याला नाव नाही असंही काहीतरी दुखायचं. अशातच एका मंगळवारी सकाळी मोठ्या सिस्टर नवीन मुलींना घेऊन नऊ नंबरपाशी आल्या. नऊ नंबरवर डोक्याला मार लागलेला एक माणूस होता, पाच दिवस डोळे मिटून. “मामा, जरा ह्यांचा खांदा धरता?” म्हणून सिस्टरनी मामांनाही उभं केलं. मग त्यांनी त्या माणसाच्या तळव्यात आपलं बोट ठेवलं. हाताची मूठ हळूच वळली आणि बोट धरून बसली.

“सिस्टर, ह्यांना कळतंय,” एक मुलगी म्हणाली.

“नाही, कळत नाहीये,” सिस्टर म्हणाल्या. “मेंदूला मार लागला की कधी कधी असं होतं. तान्ह्या बाळाच्या मुठीत बोट घाल, धरतंच की नाही? त्याला काय माहीत असतं, आपण कोण आणि काय विचारतोय ते. हे नातेवाइकांना नीट, प्रेमानं समजावून सांगायचं. नाहीतर बिचारे ह्या मुठीवर सगळा भरवसा टाकून बसतात.”

मुली पुढच्या बेडकडे गेल्या. मामा खांदा धरून तसेच उभे. मग सिस्टरांच्या मागे गेले.

“सिस्टर, म्हणजे दाबलं तरी ते हो नाही?”

“नाही हो, मामा.”

“आणि नाही दाबलं तर?”

“नाही दाबलं तर हात चालत नाही, एवढंच. त्यात नाही कसलं आलंय?”

मामा चादरींच्या खोलीत जाऊन गठ्ठ्यावर बसले. बाहेर कुणीतरी ‘मामा, मामा’ करत होतं, पण पाय उचलेनात. म्हणजे हे चारशे जण? ज्यांच्यासाठी हॉलभर हालेलूया झालं ते? आपण काय केलं एकोणीस वर्षं, तान्ह्या बाळांच्या मुठीत बोट घालून बसलो? तसं सगळ्यांचंच खोटं असेल असंही नाही, एखाद्यानं खरोखर ऐकलंही असेल, कुणास ठाऊक. पण हेच तर, कुणास ठाऊक. आणि ज्यांची मूठ वळली नाही त्यांना तर आपण सरळ नरकात सोडून आलो होतो, चादर घालून, नीट. एवढा मोठा देव, आभाळ आणि समुद्र करणारा, आणि त्याचं सगळं काम एका वॉर्डातल्या मामाच्या दोन बोटांवर अडून राहिलं होतं? हा विचार मनात आला आणि मामांना स्वतःचीच लाज वाटली. राग यायला हवा होता खरं तर. पण रागाला अंगात जोर लागतो. त्यांना नुसतं गठ्ठ्यावर आडवं व्हावंसं वाटलं.

घरची परिस्थिती अशी होती, की आई दोन महिने अंथरुणाला खिळून होती. चौऱ्याऐंशी वर्षांचं हृदय, पायांवर सूज, दोन वाक्यं बोलली की धाप. डॉक्टरांनी घरीच ठेवा म्हणून सांगितलेलं, त्याचा अर्थ मामांना दुसऱ्या कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. तिची खाट जेवणाच्या टेबलाशेजारीच टाकली होती, म्हणजे बायकोला स्वयंपाक करता करता लक्ष ठेवता यावं. त्या मंगळवारी मामा घरी आले तर बायको चहा ठेवत म्हणाली, “पास्टर शुक्रवारी येणार आहेत, आईंसाठी प्रार्थना करायला. आणि ऐका, आई म्हणतात, येऊ दे, पण मी काही म्हणणार नाही.”

“म्हणजे?”

“म्हणजे ती तीन वाक्यं. म्हणतात, थोरला जिथे नाही तिथे मला जायचं नाही.” बायकोनं चहा गाळला. “सरळ सांगितलं त्यांनी. मी काय बोलणार?”

सकाळी चादरींच्या गठ्ठ्यावर बसून केलेला विचार एकीकडे, आणि एकोणीस वर्षांची भीती एकीकडे. भीती काही सिस्टरांचं ऐकत नव्हती. आणि समजा सगळं जुनंच खरं निघालं, तर? सख्खी आई, आणि तीही स्वतःहून दाराकडे पाठ फिरवून चाललेली. आणि ते दार बंद केलं कुणी, तर त्यांनीच, ‘नाही, आई’ एवढं म्हणून.

खाटेवरून आईनं हाक मारली. आजकाल ती रोजच विचारायची. “धाकट्या, त्यानं नव्हताच ना रे दाबला?”

“तू पड जरा, आई,” मामा म्हणाले.

स्वयंपाकघराच्या दारात बायकोनं त्यांना अडवलं आणि हळू आवाजात म्हणाली, “सांगून टाका की, दाबला होता म्हणून. म्हणावं, तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही, आता आठवलं. जीव सुखानं जाईल त्यांचा. शुक्रवारी ती तीन वाक्यंही म्हणतील. तुमचा देव काय एवढ्यावरून तुमची चामडी सोलणार आहे?”

ती चुकीचं बोलत नव्हती, हेच तर अवघड होतं. एक वाक्य. त्यात आई सुखी, पास्टर सुखी, मंडळी सुखी. बुधवारी दिवसभर मामा ते वाक्य तोंडात घोळवत राहिले. बेडपॅन देताना घोळवलं, लिफ्टची वाट बघताना घोळवलं. संध्याकाळी घरी येऊन खाटेपाशी उभेही राहिले, आणि “औषध घेतलंस का?” एवढंच विचारून परतले.

गुरुवारी त्यांना सुट्टी होती. दुपारी त्यांनी आईची चादर बदलायला घेतली. माणूस न उठवता चादर बदलायची एक रीत असते. आधी त्याला एका कुशीवर घ्यायचं, जुनी चादर पाठीपर्यंत गुंडाळत न्यायची, नवी तिच्या कडेला लावायची, मग दुसऱ्या कुशीवर. हजारो वेळा केलेलं काम, डोळे मिटून जमणारं. मामांनी आईला आपल्याकडे वळवलं, आणि पडायला होईल म्हणून आईनं त्यांचा शर्ट छातीपाशी मुठीत घट्ट धरला.

मामा थांबले. चादर अर्धी गुंडाळलेली, तशीच.

“काय झालं रे?” आईनं विचारलं.

मामांनी चादर पुरी घातली, आईला नीट निजवलं, उशी दिली. मग काय करतोय ह्याचं भान न राहून टेबलाच्या टोकाची खुर्ची ओढली आणि तिच्यावर बसले. आईनं खुर्चीकडे पाहिलं, मामांकडे पाहिलं, आणि बसू दिलं.

मामांनी सगळं सांगितलं. नऊ नंबरचा माणूस, सिस्टर, तान्ह्या बाळाची मूठ. आई ऐकत होती. मग धाप आवरत म्हणाली, “म्हणजे त्या सगळ्यांनी हो म्हटलं नव्हतं?”

“मला माहीत नाही.”

“आणि थोरल्यानं नाही म्हटलं नव्हतं?”

“त्याचा उजवा हात मेलेला होता, आई. तीन दिवस मीच तो उचलून उशीवर ठेवत होतो. मला माहीत होतं. तरी मी त्या हातालाच विचारत बसलो, कारण तसं शिकवलं होतं.”

“आणि दुसरा?”

“दुसऱ्या हातानं त्यानं माझा शर्ट धरला होता. इथे. आत्ता तू धरलास तसा. मला वाटलं, उगीच काहीतरी चाळा करतोय, मध्ये येतोय. मी सोडवला. दोनदा सोडवला. बटण निघालं तरी तो सोडत नव्हता.”

आईची नजर मामांच्या खुर्चीकडे गेली.

“अरे, डावरा होता तो,” ती म्हणाली.

मामांनी मान वर केली.

“उजव्या हातानं त्यानं जन्मात कधी काही धरलं का? चमचा नाही, पेन्सिल नाही. शाळेत हातावर छड्या खाल्ल्या, तरी डाव्यानंच लिहायचा. तुझं कोपर नि त्याचं कोपर लागायचं म्हणून तर ही खुर्ची मी इथे आणली, जिच्यावर तू बसलायस.” तिला दम लागला. ती थांबली, आणि पुन्हा बोलली तेव्हा आवाजात ओरडा नव्हता. “तुझ्या लक्षात आलं नाही, ठीक आहे. तू दमला होतास. पण ज्यानं त्याला डावरा केला, त्याला तरी माहीत असेल ना?”

मामा रडले. सत्तावन्न वर्षांचा माणूस, चारशे जणांना डोळ्याला पाणी न आणता पोचवून आलेला, भावाच्या खुर्चीवर बसून मुलासारखा रडला. त्यात भावाचं होतं, आईच्या अकरा वर्षांचं होतं, आणि बरंचसं नुसत्या थकव्याचं होतं. बायको दारात येऊन उभी राहिली, आणि आत जाऊन भांडी घासत बसली.

शुक्रवारी सकाळी पास्टर आले. तीन जिने चढून त्यांच्याही गुडघ्यांचं पाणी झालं होतं; आता तेही सत्तरीला टेकले होते. हातात सफरचंदांची पिशवी होती. खाटेच्या उजव्या बाजूला स्टूल घेऊन बसले. डाव्या बाजूला मामा उभे.

“बहीण, तयारी आहे ना?” पास्टरांनी विचारलं.

“मला बोलवत नाही,” आई म्हणाली. ते अर्धं खरं होतं.

“बोलू नका. नुसतं ऐका.” पास्टरांनी तिच्या उजव्या तळव्यात दोन बोटं ठेवली. कानाशी वाकले. आवाज मऊ होता, मनापासूनचा होता. तीन वाक्यं झाली. “कबूल असेल तर बोटं दाबा.”

आईचा उजवा हात उघडाच राहिला, ताटासारखा. डावा हात मात्र पांघरुणातून हळूहळू बाहेर आला, वर चढला, आणि त्यानं मामांचा शर्ट छातीपाशी धरला. घट्ट.

पास्टरांनी पुन्हा विचारलं. मग तिसऱ्यांदा. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. “ब्रदर,” ते म्हणाले, “दाबत नाहीत त्या.”

“दिसतंय मला.”

“मग?”

“मग काही नाही, पास्टर. आईला जे म्हणायचं होतं ते तिनं म्हटलंय. तुम्ही चहा घ्या.”

पास्टरांनी बोटं काढून घेतली आणि बघत राहिले, एकदा त्या शर्टावरच्या मुठीकडे, एकदा मामांकडे. “तुम्हाला भीती नाही वाटत, ब्रदर?”

“वाटते,” मामा म्हणाले. “इतकी वर्षं मुरलेली आहे, एका आठवड्यात कशी जाईल. पण पास्टर, मला आता जमत नाही हे. प्रभूवर माझा विश्वास आहे. माझ्या बोटांवर नाही राहिला.”

“मंडळीला काय सांगू मी?”

“सांगा, ब्रदर दमलाय.”

पास्टर चहा घेऊन गेले. जिन्यात ते मध्येच बराच वेळ थांबलेले मामांना वरून दिसले, कठड्याला धरून, मान खाली घालून. गुडघ्यामुळे असेल, नाहीतर आणखी कशामुळे असेल. त्या माणसानंही किती जणांच्या हातात बोटं ठेवली असतील, आणि घरचं कुणी असेल का त्यात, हे मामांनी कधी विचारलंच नव्हतं.

आई त्यानंतर नऊ दिवस होती. थोरल्याची खुर्ची आता खाटेच्या डाव्या अंगाला होती आणि मामा कामावरून आले की तिच्यावर बसायचे. आई कधी बोलायची, कधी नुसता शर्ट धरून पडायची. एका सकाळी तिनं जुनं एक गाणं म्हणायला घेतलं, दोन ओळींत धाप लागली, तर म्हणाली, “पुढचं थोरला म्हणेल. त्याला पाठ आहे.” रविवारी सकाळी, हॉलमध्ये प्रवचन चालू असेल त्या वेळी, ती गेली. मामांनी काही विचारलं नव्हतं. मूठ शर्टावरून सोडवायची घाई केली नाही. ती आपली आपण सैल झाली, मग त्यांनी चादर घातली.

आठ दिवसांनी मामा ड्यूटीवर गेले. यंत्रानं अंगठा ओळखला नाही. अकरा नंबरवर एक म्हातारा होता, कुणी मागंपुढं नसलेला, डोळे मिटून, श्वास लांब लांब होत चाललेला. मामा चादर बदलायला आले होते. सवयीनं हात पुढे गेला आणि दोन बोटं तळव्यात जाऊन बसली. मूठ वळली. मामांचं तोंड कानाशी जाता जाता थांबलं. कुठला हात धरलाय ते त्यांनी पाहिलंही नाही. स्टूल पायानं जवळ ओढलं आणि बसले.

“मामा,” व्हरांड्यातून सिस्टरांनी हाक मारली, “ट्रॉली आणताय ना?”

“येतो,” मामा म्हणाले. “ह्यांनी सोडलं की येतो.”